धक्क्याखालचं भगदाड

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. ते धरणातल्या गाळासारखे साचतात. वरून पाणी निवांत दिसत असतं आणि एक दिवस कुणीतरी बांबू खाली सोडतो, तेव्हा कळतं की अरेच्चा, इथं तर पुरुषभर साचलंय! नोकरीतले माझे बाकीचे किस्से मी लग्नकार्यात पंगतीला सांगून संपवलेत. पण नव्वदच्या दशकात पाटबंधारे खात्याच्या इंदापूरच्या सब-डिव्हिजनमध्ये होतो तेव्हाचे, त्या धक्क्याचे किस्से काही संपत नाहीत. जुने दोस्त जमले की कुणीतरी म्हणतंच, "ते तुमचं बंदराचं सांगा की!"

बंदर म्हणायचं आपलं. उजनीचं फुगलेलं पाणी, अलीकडे इंदापूर तालुका, पलीकडे करमाळा, आणि मधून ये-जा करणारी एक डिझेल लाँच. ती लागावी म्हणून बांधलेली एक उभी दगडी भिंत, तिला सगळे धक्का म्हणत. त्या धक्क्याची देखभाल आमच्या ऑफिसकडे!

मी जळोचीचा. आमच्याकडे पाणी म्हणजे कालव्याचं, तेही पाळीनं येणारं. बदलीची ऑर्डर निघाली तेव्हा बारामतीच्या एसटी स्टँडवर आमचे मेव्हणे भेटले.

"काय पाव्हनं, कुठं निगाला?"

मी ऐटीत म्हणालो, "इंदापूरला. बंदराचं काम आहे."

मेव्हण्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कपाळाला हात लावून बघितला आणि रसवंतीवाल्याला ओरडून सांगितलं, "ह्यांच्या रसात लिंबू जास्त पिळ रं! ऊन लागलंय!"

*

लाँचवर होते भागवततात्या. त्यांच्या घरात आज्यापर्यंत मेंढरं होती. पुढं मेंढरं गेली, जमीन पाण्याखाली गेली, तात्या लाँच चालवायला लागले. पण स्वभाव मेंढपाळाचा तो मेंढपाळाचाच! "कळपातलं एक जरी मागं ऱ्हायलं तरी जेवान ग्वाड लागत न्हाय," म्हणायचे. लांब चढावर कुणी पिशवी हलवताना दिसलं की लाँच थांबलीच. मग तो माणूस येईपर्यंत बाकीच्यांनी आपापल्या सोयरिकी जुळवून घ्यायच्या.

लाँच लावायची त्यांची पद्धत वेगळी होती. लाँचची मागची बाजू बुटकी आणि सपाट, म्हणून ती भिंतीकडे करायची. एक दोर भिंतीतल्या लोखंडी कडीला बांधायचा आणि मधल्या फटीवर फळी टाकायची. आता लाँच हलली की फळी हलणार, फळी हलली की शेरडं बिथरणार आणि म्हाताऱ्या किंचाळणार. त्यावर तात्यांनी अक्कल लढवली होती. दोर सोडायचाच नाही, इंजिन पुढच्या गिअरमध्ये टाकून जोर लावून धरायचा. लाँच पुढं ओढते, दोर मागं ओढतो, आणि फळी घराच्या उंबऱ्यासारखी घट्ट!

आमच्या सुमन सिस्टर लशीचा डबा घेऊन रोज पलीकडच्या वाड्यावस्त्यांवर जायच्या. एकदा एका आईनं लस चुकवणाऱ्या पोराला लाँचवर आणलं. पोरगं सिस्टरांना बघून फळीवरून पळालं. सिस्टरांनी त्याला मधोमध गाठलं, बखोटं धरलं आणि फळीवरच टोचून मोकळ्या झाल्या! खाली पाणी घुसळतंय, वर सुई चाललीय, आणि फळी जागची हलली नाही.

"तात्या," सिस्टर म्हणाल्या, "दवाखान्यातलं टेबल हालतं वो, पण तुमची फळी हालत न्हाय!"

त्यानंतर आठवडाभर तात्यांची टोपी तिरकी होती. आम्ही सगळेच त्या फळीचं कौतुक करत होतो. इंजिनाचा पाण्यातला पंखा एवढा वेळ कशावर फिरतोय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

*

कांबळेसाहेब आमचे उपअभियंता, बावड्याचे. वडील शाळामास्तर, त्यामुळे साहेबांनाही उत्तर सांगण्याची सवय नाही, प्रश्न विचारण्याची. त्यांच्यासमोर सरळ विधान केलं की माणूस संपलाच!

धक्क्यावर एक पत्र्याची शेड होती. दुपारी आम्ही तिथं जेवायचो. पांडबा नावाचा कोळी ताजा रोहू तळून आणायचा, काय त्याची चव! तो नेहमी सांगायचा, "मासा खावा तर धक्क्याचा. दुसरीकडं जाळं टाकायची गरजच न्हाय."

साहेबांचा घास हातातच थांबला. "धक्क्यापाशीच का मासा?"

"खायाला गावत आसंल की."

"काय?"

"गाळातलं किडं, आळ्या."

"गाळ तर सगळीकडं आहे पांडबा. इथंच कोण ढवळून देतंय?"

नेमकी तेव्हाच तात्यांची लाँच भिंतीला लागलेली, इंजिन घुमतंय, दोर ताणलेला. लाँच आणि भिंतीच्या मधलं पाणी चहाला उकळी यावी तसं तपकिरी होऊन वर येत होतं. आम्ही ते रोज बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

साहेबांनी तुकडा ताटात परत ठेवला. "बाबांनो, इतके दिवस आपण मासा नाही, भिंत खातोय!"

लाँच गेल्यावर बांबू मागवला. भिंतीला लागून खाली सोडला. जिथं तळ लागायला हवा तिथं लागला नाही. आणखी सोडला. मग साहेबांनी तो तिरका करून भिंतीच्या दिशेनं ढकलला, तर बांबू आत जायला लागला! भिंतीच्या खाली, आम्ही उभे होतो त्याच्या खाली. तो जात राहिला, साहेबांचा हात पाण्याला टेकेपर्यंत जात राहिला. एवढी दगडी भिंत, वर केसाएवढी एक चीर, आणि खाली पोकळी!

आम्ही सगळे हळूच चार पावलं मागं सरलो. साहेब ओणवेच होते. मान न वळवता म्हणाले, "कुठं निघालात? पोकळी तुमच्यापर्यंत आलीय."

*

वरून निरोप आला. पावसाळ्यात पाणी चढायच्या आत भिंत सावरा, नाहीतर लाँच कायमची बंद! लाँच बंद म्हणजे पलीकडच्या माणसाला बाजाराला, शाळेला, दवाखान्याला यायचं तर टेंभुर्णीवरून वळसा. जाण्यायेण्यातच दिवस बुडाला.

सुमन सिस्टर थेट ऑफिसात आल्या. "साहेब, पलीकडच्या बाळंतिणीला मी काय हाका मारून इंजेक्शन देऊ?"

आणि तात्यांना सांगणार कोण? शेवटी साहेबांनीच सांगितलं, की तुमच्या पंख्याचं पाणी भिंतीवर आदळतं, त्याला पुढं वाट नसते, म्हणून ते खाली बुडी मारतं आणि पायाची माती उपसून नेतं. फळी स्थिर राहते ती ह्या जोरावर.

तात्यांना ते पटेना. "आवं साहेब, पंखा केवढा? भाकरीच्या परातीएवढा! त्यो भितीला काय करतोय?"

"तात्या, परातीएवढ्या तोंडानं माणूस आयुष्यात किती भाकरी खातो?"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पाण्याकडे बघत बसले. त्यांचा तो चेहरा मला सहन होईना. ज्या गोष्टीचा माणसाला अभिमान, तीच भिंतीच्या मुळावर उठलेली.

*

मग पास्कल आला. किनारपट्टीवरचा पाणबुड्या. मोठमोठ्या बंदरांत भिंतींचे पाये तपासण्यात त्याची हयात गेलेली. इंदापूरच्या स्टँडवर रबरी पोशाख आणि हवेच्या नळीचं भेंडोळं घेऊन उतरला, तर रिक्षावाल्यांनी त्याला सर्कसवाला समजून तंबू कुठं पडणार म्हणून विचारलं!

तो पाण्यात उतरणार म्हटल्यावर अर्धा गाव जमला. धरणात ज्यांची घरंदारं बुडाली ती माणसं एकेक मागणी घेऊन पुढं. कुणाची विहीर, कुणाचा जोत्याचा दगड. गणपतआबा नावाचे फार थकलेले म्हातारे काठी टेकत आले. "बाबा, आमच्या घराचा उंबरा जाग्यावं हाय का, तेवढं बगून यी."

पास्कल खाली गेला. बुडबुडे भिंतीकडे सरकले आणि दिसेनासे झाले. बऱ्याच वेळानं वर आला, मुखवटा काढला, आधी चहा मागितला. चहा संपल्यावर म्हणाला, "साहेब, मी भिंतीखाली बसून आलो. मांडी घालून."

तेवढ्यात गणपतआबांनी विचारलं, "आन् उंबरा?"

"आहे आबा. जागच्या जागी आहे."

आबा हात जोडून समाधानानं गेले. मी पास्कलला हळूच विचारलं, "खरंच दिसला?"

"त्या गढूळ पाण्यात मला माझं घड्याळ दिसलं नाही," पास्कल म्हणाला, "पण आबांना दिसत होता ना!"

*

जेवताना पास्कल समुद्रातल्या गोष्टी सांगायचा आणि आम्ही भाकरी विसरून ऐकायचो. म्हणायचा, मोठ्या जहाजाचा पंखा म्हणजे दुमजली घर. धक्क्याला लागलेलं जहाज निघताना तो फिरतो तेव्हा तळावरचे धोंडे नुसते उधळतात. एकदा जहाज गेल्यावर तो खाली उतरला, तर भिंतीच्या पायाशी नवा खड्डा. आत ट्रक उभा राहिला असता! "आणि वर," तो म्हणाला, "धक्क्यावर माणसं निवांत गप्पा मारतायत. वरून काहीच कळत नाही हो. पाण्याचं काम असंच, ते पायापासून सुरू करतं."

तात्या कोपऱ्यात ऐकत होते. "एवढी मोठ्ठी जहाजं, आन् भिती पडत न्हाईत व्हय?"

"पायाशी दगडांची अंथरुणं घालतात तात्या. आणि एक फरक आहे. जहाज जोर लावतं ते निघताना. तुम्ही तर थांबताना जोर लावता!"

तात्या उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर लाँच धक्क्याला लागलेली, पण इंजिन बंद. दोन्ही बाजूंना दोर. तरी वाऱ्यानं लाँच हलत होती, म्हणून तात्या लाँचच्या मागच्या टोकावर आडवे पडून, भिंतीतली कडी दोन्ही हातांनी धरून, सबंध लाँच अंगाच्या जोरावर ओढून धरत होते! त्यांच्या डोक्यावरून शेरडं जात होती, दुधाच्या किटल्या जात होत्या. हाताची सालटं निघाली. आम्ही म्हटलं, तात्या, सोडा, माणसं सांभाळून चढतील.

"न्हाय," तात्या दात आवळून म्हणाले, "म्हातारी मानसं भ्यात्यात."

*

आधी आम्ही सोपा उपाय केला. डबरानं भरलेले ट्रक आणले आणि खड्ड्यात धोंडे ओतले. आठवड्यानं बांबू सोडला, तर खड्डा पुन्हा पहिल्यासारखा!

"दगड चोरीला गेले?" मी विचारलं.

"दगड तिथंच आहेत," साहेब म्हणाले. "दगडांच्या फटींतून खालची माती निघून गेली आणि दगड बसत बसत खाली गेले. आपण भिंतीच्या पायाला घसरगुंडी बांधून दिली!"

म्हणजे दगडाखाली असं काहीतरी अंथरायला हवं होतं, ज्यातून पाणी जाईल पण माती जाणार नाही. त्यासाठी मुंबईहून खास कापड मागवलं. जाड, पांढरं, खोगिराखालच्या नमद्यासारखं. भलामोठा रोल आला आणि कंत्राटदाराच्या सुपरवायझरच्या, बबनच्या, बावड्यातल्या गोदामात पडला. पुढच्याच आठवड्यात बबनच्या बहिणीचं लग्न. आम्ही सगळे आहेर घेऊन गेलो. मांडव बघून गार झालो. सबंध अंगणावर एकसंध पांढरंशुभ्र छत, कुठं जोड म्हणून नाही!

साहेब वर बघत राहिले. "बबन, हे कापड कुठलं रे?"

बबननं जीभ चावली. "सायेब, रोल पडूनच व्हता. वरात गेली की गुंडाळून जाग्यावं ठिवतो."

साहेब काही बोलायच्या आत वावटळ उठली. समोरच्या बाजारतळाची सगळी धूळ मांडवावर येऊन बसली. पाठोपाठ वळवाची सर. मांडवात बसलेल्यांना वाटलं, आपण वाचलो. आणि मग ते कापड पाझरायला लागलं. सगळीकडून, सारखं! वऱ्हाड भिजलं, भात भिजला, वाजंत्र्यांचे सनई-डफ भिजले. वरमाईनं बबनच्या नावानं शिमगा सुरू केला.

आणि आमचे साहेब मांडवाच्या मधोमध उभे! ओंजळीत पाणी धरलेलं, चष्म्यावरून ओघळ चाललेले, डोळे लहान मुलासारखे मोठे झालेले. "बघा! इकडे या, बघा!" ते ओरडत होते. "एवढी धूळ बसलीय वर, आणि पाणी बघा! मातीचा कण नाही!"

बबनचे वडील हात जोडून धावत आले. "सायेब, चुकलं पोराचं. पंगत उठवू का?"

"उठवता कशाला?" साहेब म्हणाले. "बसवा! माल पास झाला!"

*

पुढचं काम मात्र गमतीचं नव्हतं. कोरड्या काँक्रीटनं भरलेली पोती पास्कल एकेक करून भिंतीखाली नेऊन रचत होता. पाण्यातच ती दगडासारखी आवळतात. त्या काळोख्या कपारीत तो तासन्तास असायचा आणि वर आम्ही हवेची नळी डोळ्यांत तेल घालून सांभाळायचो. तिकडे पुणे भागात पाऊस लागल्याची बातमी आली. आता पाणी चढणार! मग दोन्ही काठची माणसं आली. पलीकडची माणसं लाँचनं येऊन हातोहात पोती द्यायला रांगेत उभी राहिली. भिजून चिंब झालेला मांडव शेवटी आपल्या खऱ्या जागी गेला, त्यावर धोंड्यांचा थर बसला. पाणी रोज वर येत होतं आणि आम्ही त्याच्या एकेक पोतं पुढं होतो. काम संपल्यावर पास्कल वर आला आणि धक्क्यावर तसाच उताणा झोपला. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

*

निकाल लागायचा होता. पुण्याहून मोठे साहेब आले. ते म्हणाले, वाऱ्याच्या दिवशी इंजिन लावावं लागणारच, तेव्हा आताच बघू. लाँच दोरानं बांधा, पूर्ण जोर लावा. पाणी गढूळ झालं, भिंत हलली, तर आजपासून लाँच बंद.

"आणि धक्का रिकामा करा!" त्यांनी हुकूम सोडला. खाली काय होईल ह्याची खात्री कुणालाच नव्हती, आम्हालासुद्धा. माणसं उठून काठावर गेली. फक्त एक बाई भिंतीच्या टोकाला, बरोबर त्या चिरेवर, बसून राहिल्या. मांडीवर एक गाठोडं.

"कोण आहेत त्या?"

"हिराबाई," मी म्हणालो. "तात्यांच्या घरच्या."

मोठ्या साहेबांनी हाक मारली, कांबळेसाहेबांनी विनंती केली. हिराबाईंनी पदर सारखा केला. "मी हाय ती बरी हाय," एवढंच बोलल्या.

लाँचवर तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मोठ्या साहेबांनी नाइलाजानं हात वर केला. तात्यांनी इंजिनाचा दांडा पुढं सारला. दोर ताणला गेला, पाणी घुसळायला लागलं. फेस पांढराच होता. मोठे साहेब मान डोलवायला लागले. मी सुटलो म्हणून श्वास सोडणार, एवढ्यात हिराबाईंचा खणखणीत आवाज आला.

"आवं! ह्यो काय जोर म्हनायचा? जत्रंला गर्दी आसती तवा लावता, तेवढा लावा की!"

सगळे तात्यांकडे बघायला लागले. तात्यांनी कांबळेसाहेबांकडे बघितलं. साहेबांनी नजर पलीकडच्या काठावर लावली. तात्यांनी एकदा बायकोकडे बघितलं, डोळे मिटले आणि दांडा पार टोकापर्यंत ढकलला.

देवा रे! इंजिन किंचाळलं. दोर तारेसारखा वाजायला लागला. लाँच आणि भिंतीच्या मध्ये पाण्याची नुसती उकळी फुटली, हिराबाईंच्या गुडघ्यापर्यंत तुषार उडाले. काठावर उभ्या असलेल्या माझ्या तळपायांना थरथर जाणवत होती, मग त्यांना बसल्या जागी काय जाणवत असेल! आम्ही सगळे त्या पाण्याचा रंग बघत होतो. पांढरा. पांढरा. पांढराच!

"बस! बस! बंद करा!" मोठे साहेब ओरडले.

इंजिन बंद झालं, पण तात्यांचा हात दांड्यावरून निघेना. पास्कलनं लाँचवर उडी मारून त्यांची बोटं एकेक करून सोडवली. भिंत होती तशी उभी होती. मोठे साहेब बूट काढून धक्क्यावर आले, हिराबाईंसमोर उभे राहिले. काहीतरी मोठं बोलावं असं त्यांच्या मनात असावं. शेवटी एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही का बसून राहिलात?"

हिराबाई उठल्या. लुगडं झटकलं, गाठोडं काखेत मारलं.

"झालं का साहेब तुमचं? मग सोडायला सांगा लाँच," त्या म्हणाल्या. "पलीकडं भाचीच्या पोरीचं बारसं हाय. पाळन्याला उशीर व्हायला लागलाय."